सर आत आहेत

वहिनीला सरांना एकदा भेटायचं होतं, आणि चिमी तिला रोज टोलवत होती. सर गावाला गेलेत, सरांची ऑपरेशनं आहेत, सरांची तब्येत बरी नाही. माणूस मेला की त्याच्या घरच्यांना टोलवायला दवाखान्यात कारणांचा तुटवडा कधीच नसतो.

वहिनी भांडायला येणार नव्हती. भांडायलाच येणारी असती तर चिमीला सोपं गेलं असतं, तिने स्वतः हाताला धरून नेलं असतं. पण वहिनीला फक्त एवढंच विचारायचं होतं, की दादा गेला त्या दिवशी सकाळी सरांनी त्याला तपासलं तेव्हा तो कसा दिसत होता, काय बोलला.

‘मी तर त्यांच्यावर ओरडलेच होते गं,’ ती पुन्हा पुन्हा म्हणायची. ‘गाडी धुवायची सोडून पोट धरून काय बसलात म्हणून. शेवटचं कुणी नीट, मायेनं बघितलं असेल त्यांच्याकडे, तर ते तुझ्या सरांनी.’

सरांनी बघितलं, असं दादाच घरी येऊन म्हणाला होता. आणि सरांनी दादाला बघितलंच नव्हतं. सर त्या दिवशी दवाखान्यात पाय ठेवायला आले नव्हते. हे सरांना माहीत होतं, चिमीला माहीत होतं, चिमीच्या हाताखाली शिकणाऱ्या चष्मेवालीला माहीत होतं. वहिनीला सांगायची हिंमत तिघांतल्या एकालाही होत नव्हती. चिमीला तर अजिबातच नाही. आईबाप लवकर गेल्यावर दादाने बहिणीला सांभाळलं असं लोक म्हणत. खोटं आहे ते. दादा दिवसभर टॅक्सी फिरवायचा. सांभाळलं वहिनीने. इंग्रजी पुस्तक मांडीवर उलटं-सुलटं कसंही धरून ती चिमीकडून शरीरातली हाडं पाठ करून घ्यायची. स्वतःला एक अक्षर येत नसताना म्हणायची, ‘आवाज बसला तुझा, म्हणजे येत नाहीये. पुन्हा म्हण.’ ह्या बाईला सांगायचं, आणि ती गमवायची. चिमीला दुसरं माहेर नव्हतं, सासर तर कधी झालंच नाही.

चिमी हे घरातलं नाव. चाळिशी आली, कानशिलं पांढरी झाली, तरी त्या घरात ती चिमीच. दवाखान्यात तिला सिस्टर म्हणत, बाई म्हणत, ओ मॅडम म्हणत. ती जे होती ते कुणी म्हणत नसे. ती फिजिशियन असिस्टंट होती. ‘पीए म्हणजे सरांचे फोन घेतेस का?’ हा विनोद प्रत्येक लग्नात कुणीतरी आपल्यालाच पहिल्यांदा सुचल्यासारखा करायचं. दादा म्हणायचा, ‘आमची चिमी अर्धी डॉक्टर आहे. ताप उतरवायला अर्धी पुरते. मरायची वेळ आली की अख्खा बोलवू.’

खरं सांगायचं तर ही माणसं डॉक्टरच्या कामातलं बरंचसं काम करतात. दुखणं ऐकून घ्यायचं, तपासायचं, काय झालं असेल ते जुळवायचं, टाके घालायचे, वॉर्डात फेरी मारायची. नाव आणि सही डॉक्टरची. त्यात वाईट काही नाही. नीट केलं तर चांगलंच आहे, डॉक्टर पुरतात कुठे सगळ्यांना? पण नीट करायचं कुणी? चिमीचं कॉलेज फर्निचरच्या शोरूमवर होतं. खाली सोफे, वर शरीरशास्त्र. शिकवायला आदल्या वर्षी पास झालेली पोरं. जाहिरातीत छापलेलं, तुम्ही डॉक्टरांचा उजवा हात होणार. आणि वर्गातल्या सांगाड्याला नेमका उजवा हात नव्हता. ‘डावा पाठ करा,’ शिकवणारा म्हणायचा, ‘उजवा तसाच असतो.’ पोरं हसायची. चार वर्षं हसून बाहेर पडल्यावर त्यांना कळायचं की कुणाच्या नावाने काय करायचं, कुठे थांबायचं, चुकलं तर मान कुणाची, हे कुणी ठरवलेलंच नाही. ठरवायची वेळ आली तेव्हा सगळे साहेब चहाला गेले होते, ते अजून यायचेत.

मग ज्याने त्याने आपापली वाट काढली. चिमीने काढलेली वाट अशी होती.

दवाखाना गावाबाहेरच्या रस्त्याला. दर्शनी पाटी सरांची, तिच्यावर पदव्यांची आगगाडी. लोक पाटी बघून यायचे आणि सर आठवड्यातून दोनदा यायचे. बाकीचे दिवस चिमी. लोक बाकावरून उठून तिच्यापुढे बसायचे, सगळं सांगायचे, तिने तपासलं की विचारायचे, ‘आता डॉक्टर कधी बघणार?’ तिने हजार वेळा समजावलं. एकाने गोळ्या तिच्यासमोर टेबलावर ठेवल्या आणि उठून गेला. पुढच्या आठवड्यात स्ट्रेचरवर परत आला. त्या दिवशी तिने सरांना फोन लावला. सर म्हणाले, ‘अगं, तुला कळतंय ना? मग माझं नाव सांग आणि मोकळी हो.’

तेव्हापासून ती सरांच्या केबिनच्या दारावर टकटक करायची. आत जायची, दार लावून घ्यायची. आत सरांची रिकामी खुर्ची, झाकण घातलेला पाण्याचा ग्लास, बंद एसी. थोडा वेळ उभी राहायची आणि बाहेर येऊन म्हणायची, ‘सर म्हणाले, ह्या गोळ्या घ्या.’ पेशंटचा चेहरा उजळायचा. ‘बघा, मोठा डॉक्टर न बघता ओळखतो!’ काउंटरवरची पोरगीही शिकली. कुणी विचारलं की मान वर न करता म्हणायची, ‘सर आत आहेत.’

ह्यात चिमीला पाप वाटलं नाही. कारण त्या रिकाम्या खोलीत ती नुसती उभी राहत नव्हती. सर समोर असते तर त्यांनी काय उलटतपासणी केली असती, तीच ती स्वतःची करायची. हे का नाही, ते का नाही. मनात खुट्ट झालं तर फोन लावायची, लागेपर्यंत लावायची, नाही लागला तर पेशंटला धरून ठेवायची. लोकांना दिसायचं फक्त दार.

चष्मेवालीलाही तिने दार शिकवलं. आतलं शिकवायचं राहून गेलं.

चष्मेवाली शेवटच्या वर्षाची, दवाखान्यात उमेदवारी करणारी. हुशार, भित्री, आणि भीती लपवायला भराभर बोलणारी. त्या दिवशी चिमी दुसऱ्या गावच्या कॉलेजात परीक्षक म्हणून गेली होती; दवाखाना चष्मेवालीवर. सकाळी दादा आला. पोटात वरच्या अंगाला दुखतंय, घाम आला होता, आता बरं वाटतंय. तिने हृदयाची पट्टी, ईसीजी, काढली. पट्टी साफ होती. पहिली पट्टी साफ येऊ शकते, माणसाला थांबवून घेऊन थोड्या वेळाने दुसरी काढायची असते, हे तिने वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण दादा म्हणाला रात्री तिखट झालं असेल. बाहेर बाकावर गर्दी. दादाने विचारलं, ‘डॉक्टर काय म्हणतात?’ तिने चिमीला फोन लावला, बंद. सरांना लावला, त्यांनी कापला. मग ती दारावर टकटक करून आत गेली, थोडा वेळ उभी राहिली आणि बाहेर येऊन म्हणाली, ‘सर म्हणाले, ॲसिडिटी आहे. घरी जा.’

इथवर चूक चष्मेवालीची होती. पुढची नाही.

दुपारी परीक्षेच्या मधल्या सुट्टीत चिमीने फोन चालू केला. चष्मेवालीचे कॉल येऊन गेलेले दिसले. ती उलट लावणार तोच दादाचा आला.

‘काय गं अर्धे, कुठे उलथलीस?’

‘परीक्षा घेतेय पोरांची. स्पंजाला टाके घालतायत. स्पंजच रडेल आता. तुझं काय?’

‘काही नाही. पोटात जरा दुखलं, घाम सुटला. तुझ्या वहिनीनं बोंब मारली म्हणून तुमच्या दवाखान्यात जाऊन आलो. पट्टी काढली, ॲसिडिटी म्हणाले.’

‘कोण म्हणालं?’

‘तुझे सर. ती चष्मेवाली पोरगी आत जाऊन विचारून आली.’

त्या दिवशी सर यायचेच नव्हते. जगातल्या दुसऱ्या कुणाला नसेल, पण चिमीला माहीत होतं त्या दाराआड काय असतं. तरी ती म्हणाली, ‘मग झालं तर. सर म्हणालेत ना? गोळी घे आणि पड गुपचूप. संध्याकाळी येते.’

का म्हणाली? थकली होती, होय. पुढची तुकडी दारात उभी होती, तेही खरं. दादाचा आवाज नेहमीसारखा खट्याळ होता. पण ही सगळी वरवरची कारणं. इतकी वर्षं ज्या वाक्याने तिने दुसऱ्यांना गप्प बसवलं, त्या वाक्याने तीही गप्प बसली. ‘सर म्हणाले’ कानावर पडलं आणि तिच्याही खांद्यावरचं ओझं उतरलं. कुणीतरी मोठ्याने बघितलंय, आता आपल्याला बघायला नको. मोठं कुणी नव्हतं. तीच होती.

संध्याकाळी ती पोचायच्या आत दादा गेला. वहिनीने शेजाऱ्याला हाक मारेपर्यंत गेला.

*

टोलवून टोलवून किती टोलवणार? एके दिवशी सकाळी वहिनी न सांगताच येऊन बाकावर बसली. सरांचा यायचा दिवस तिने काउंटरवर फोन करून विचारून घेतला होता. इस्त्रीची साडी, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. शाळेत पोराच्या मास्तरांना भेटायला जाताना बसायची, तशी.

सरांनी आधी चिमीला आत घेतलं.

‘बस. माझं ऐक,’ ते म्हणाले. ते थकलेले दिसत होते. वाईट माणूस नव्हता तो, तसा असता तर काम सोपं झालं असतं. ‘मी सांगतो, मी बघितलं होतं. पट्टी साफ होती. हृदय कधी कधी फसवतं. ह्यात पट्टीचं खरं आहे, हृदयाचंही खरं आहे.’

‘तुम्ही नव्हता, सर.’

‘त्या पोरीचं आयुष्य जाईल. तुझं काम जाईल. माझ्या पाटीला लोक काळं फासतील. आणि तुझ्या वहिनीला काय मिळेल? जन्मभराची आग.’

‘पण खोटं—’

‘खोटं?’ सर चिडले नाहीत, हसले. ‘इतकी वर्षं मी नसताना मला ह्या खुर्चीत बसवत आलीस. आज मी खरोखर बसलोय तर नको म्हणतेस?’

तिने दार उघडून वहिनीला हाक मारली.

वहिनी खुर्चीच्या कडेवर बसली. सर छान बोलले. बोलायचं शिक्षण त्यांना कुणी दिलं होतं की काय कोण जाणे, पण आवाज मऊ, मधे थांबणं बरोबर. ‘मी स्वतः तपासलं त्यांना. काहीच संशय येण्यासारखं नव्हतं. तुमचं काही चुकलं नाही, ताई.’

वहिनी मान हलवत राहिली. मग तिने ज्यासाठी आली होती ते विचारलं. ‘काही बोलले का हो ते?’

सर पुढे वाकले. ‘तुमचीच काळजी करत होते.’

‘माझी?’

‘हो. म्हणाले, बायकोला उगीच त्रास होतोय माझ्यामुळे.’

वहिनीचा चेहरा चिमीने बघितला. वहिनी रडत होती, पण ते रडणं इतक्या दिवसांतलं नव्हतं. कुणीतरी छातीवरचा दगड उचलून बाजूला ठेवल्यासारखं रडत होती. ‘मला वाटलं माझ्यावर चिडून गेले,’ ती म्हणाली. ‘मी ओरडले ना. बरं झालं बाई सांगितलंत. मी आता हेच धरून राहीन.’

हेच धरून राहणार होती ती. सरांना आयत्या वेळी सुचलेलं एक वाक्य. दादाने जन्मात असलं वाक्य उच्चारलं नव्हतं. वहिनी ते पोरांना सांगणार होती, शेजारणींना सांगणार होती, म्हातारपणी एकटी बसून स्वतःला सांगणार होती. आणि चिमी दर वेळी समोर बसून मान डोलावणार होती.

‘वहिनी,’ ती म्हणाली, ‘सर नव्हते त्या दिवशी.’

‘तू बाहेर जा,’ सर म्हणाले.

‘सरांनी दादाला बघितलं नाही. ते इथे नव्हतेच. ही खोली रिकामी होती. चष्मेवालीने एकटीने बघितलं, आत येऊन उभी राहिली आणि बाहेर जाऊन सरांचं नाव सांगितलं. हे असं करायचं मी शिकवलं तिला.’

वहिनीने डोळे पुसले. सरांकडे बघितलं. सर टेबलाकडे बघत होते. त्यावरून तिला काय कळायचं ते कळलं. मग ती चिमीकडे वळली, एकेक जुळवत.

‘दुपारी तुझ्याशी बोलले ते. बोलणं संपता संपता मी चादर घालायला आले, फोनमधून तुझा आवाज बाहेर येत होता. तू म्हणालीस, सर म्हणालेत ना.’

‘हो.’

‘तेव्हा तुला माहीत होतं? सर नाहीयेत ते?’

दवाखान्यात कुठेतरी कुणाचं तरी मूल इंजेक्शनला भोकाड पसरत होतं.

‘हो,’ चिमी म्हणाली.

वहिनीने ओरडायला हवं होतं, थोबाडीत द्यायला हवी होती. तिने पर्सची चेन लावली. पुन्हा उघडली, पुन्हा लावली. ‘त्या पोरीला बोलवा,’ ती म्हणाली.

चष्मेवाली आली ती दाराला टेकूनच उभी राहिली. चष्म्याच्या काचांवर वाफ धरलेली.

‘घाबरू नकोस,’ वहिनी म्हणाली. ‘तुलाच भेटले ना ते शेवटी? मला सांग, काय बोलले. जसंच्या तसं सांग. गोड करून सांगायचं नाही.’

चष्मेवालीने चिमीकडे बघितलं. चिमीने मान हलवली.

‘म्हणाले... म्हणाले, चिमी अर्धी डॉक्टर, तू तिची शिष्या, म्हणजे पाव डॉक्टर का?’

वहिनीच्या तोंडून हुंदका आला की हसू, सांगणं कठीण. ‘आणखी?’

‘म्हणाले, बायकोनं डोकं खाल्लं म्हणून आलोय. तिला दाखवायला काहीतरी कागद दे, नाहीतर घरात घेणार नाही. मी पट्टी दिली तर म्हणाले, ही फ्रेम करून लावतो भिंतीवर, लग्नाच्या फोटोशेजारी. दोन्हीत सारखीच धडधड.’

आता वहिनी खरंच हसली, आणि हसता हसता वाकली, आणि वाकलेलीच राहिली. चिमी पुढे झाली तर तिने हात वर करून तिला तिथेच थांबवलं.

‘हेच,’ ती खाली बघत म्हणाली. ‘असंच बोलायचं मेलं ते माणूस.’

मग सरळ झाली. ‘तू घाबरली होतीस का गं, त्यांना घरी पाठवताना?’

‘हो,’ चष्मेवाली म्हणाली. ‘खूप.’

‘मग तसं सांगायचंस की त्यांना. काका, मला कळत नाहीये, भीती वाटतेय, थांबा, म्हणायचं. डॉक्टरसाठी ते थांबले नसते. तुझ्यासाठी थांबले असते. पोरगी घाबरलीय म्हटल्यावर दिवसभर बसून राहिले असते इथे, जोक मारत.’

चिमीला इतक्या वर्षांत ही वाट कधी सुचली नव्हती. कॉलेजात तर कुणी शिकवलीच नव्हती: मला माहीत नाही, असं सरळ माणसाला सांगायची.

वहिनी उठली. दारापाशी गेल्यावर मागे न बघता म्हणाली, ‘चल.’

‘कुठे?’

‘घरी. पोरांना मी सांगणार नाही. तुझ्या तोंडून तुझ्या विरुद्ध काय बोलायचं ते तूच बोल. मी बोलले तर त्यांना वाटेल, आई दुःखात काहीही बोलते.’

बसमध्ये वहिनी खिडकीशी बसली. शेजारची जागा मोकळी होती. चिमी दांडी धरून उभी राहिली. वहिनी तिला बस म्हणाली नाही. उतरल्यावर वहिनी पुढे चालली, चिमी मागे. एरवी ह्या रस्त्यावर वहिनीचा हात तिच्या दंडाला असायचा. रस्ता ओलांडताना वहिनीला भीती वाटायची. आज ती गाड्यांमधून सरळ चालत गेली.

दार पुतणीने उघडलं. ‘आत्या! किती दिवसांनी! ये ना, बस, पाणी आणते.’

‘पाणी नको,’ वहिनी चपला काढत म्हणाली. ‘तिला आत यायचं नाहीये. तिला तुमच्या बाबांबद्दल सांगायचंय. भावाला बोलव.’

पुतणी हसली. तिला वाटलं काहीतरी थट्टा आहे, ह्या घरात असायचीच. मग तिने आईच्या पाठीकडे बघितलं, आणि हसू ओठांवरच राहून गेलं. आतल्या खोलीत पोराने टीव्ही बंद केला.

वहिनी स्वयंपाकघरात गेली. भांडं ठेवल्याचा आवाज आला नाही, नळाचा आला नाही. ती भिंतीपलीकडे ऐकत उभी होती.

पोरगा बाहेर आला, बहिणीशेजारी उभा राहिला. त्याची उंची आता दादाएवढी झाली होती.

‘काय झालं, आत्या?’

उंबऱ्याबाहेर उभ्याउभ्याच चिमी बोलायला लागली.